दक्षिणेची पुणेवारी

पुणेकराला प्रवास मनापासून आवडतो. त्यासाठी घर सोडावे लागते एवढीच त्याची तक्रार असते. रात्री स्वतःचे अंथरूण, सकाळी स्वतःच्या घरचा चहा आणि मधल्या वेळात जमेल तेवढे जगदर्शन, अशी आखणी असेल तर तो कुठेही यायला तयार असतो. ही अडचण डिसेंबरात सुटते. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते आणि कात्रजच्या बोगद्यापलीकडचा मुलूख, म्हणजे पुणेरी भूगोलाप्रमाणे जिथून दक्षिण भारत सुरू होतो तो सगळा, रिक्षाच्या अंतरावर येऊन बसतो. कोल्हापूरच्या चपला, सोलापूरच्या चादरी, सांगलीची हळद आणि बेदाणे, साताऱ्याचे कंदी पेढे, मंगळवेढ्याची ज्वारी, इरकली साड्या, खणाचे तागे. हा पट्टा दोन-अडीच तासांत पायी ओलांडून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडलेली मंडळी एकमेकांना “झालं आमचं कोल्हापूर-सोलापूर” असे सांगतात. चेहऱ्यावर प्रवासाचा शीणही दिसतो. तो बहुतेक गाडी लावायला जागा शोधण्याचा असतो, पण शीण तो शीण. तेव्हा प्रवास झाला याबद्दल वाद नाही. तो केला कोणी याबद्दल आहे. माझे म्हणणे असे की अशा जत्रांतला खरा प्रवासी विक्रेता असतो. गिऱ्हाईक हे त्याच्या वाटेवरचे प्रेक्षणीय स्थळ. प्रवासवर्णन लिहायचेच तर ते त्याच्या बाजूने लिहायला हवे, आणि तसे लिहायला बसले की किंमत, अस्सलपणा, फॅशन वगैरे नेहमीचे वाद निराळेच दिसू लागतात.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने ही जत्रा सुरू केली त्याला आता दोन दशके होत आली. मांडवात बहुतेक बायका बचत गटांच्या. सांगोल्याकडून किंवा शिरोळकडून निघालेली एखादी बाई शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, कडक भाकऱ्यांच्या चळती आणि गटातल्या दहाजणींचा विश्वास एवढे सामान घेऊन पुण्यात उतरते. इथे तिला जे लोक भेटतात त्यांच्या चालीरीती नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. हे लोक चटणी बोटावर घेतात, डोळे मिटून चाखतात, “छान आहे” म्हणतात आणि निघून जातात. ठेचा विकायला बसलेल्या बाईला ते विचारतात, “तिखट आहे का हो?” हो म्हटले तर नाक मुरडतात आणि नाही म्हटले तर “मग कसला ठेचा!” म्हणतात. गूळ पिवळा दिसला तर त्यात काही घातले असणार असे म्हणून तो सोडतात, आणि काळा दिसला तर काळा का, म्हणून सोडतात. “हे सेंद्रिय आहे का?” हा प्रश्न ते लाकडी लाटण्याच्या दुकानातही विचारतात. दुपारी एक ते चार या वेळात गर्दी एकाएकी ओसरते तेव्हा मांडवात नवख्या बाईला वाटते, गावात काही दुःखद घडले असावे. शेजारच्या गाळ्यातली अनुभवी बाई तिला समजावते, “काही नाही गं, झोपल्यात.” पु. ल. असते तर त्यांनी यावर पुस्तक लिहिले असते. ही बाई लिहीत नाही, कारण तिला संध्याकाळच्या गर्दीआधी डबे पुन्हा भरायचे असतात.

यावर कोणी म्हणेल, ही तर हल्लीची टूम आहे. प्रदर्शनांचा सुकाळ झाला, म्हणून कारागीर शहरात येऊ लागले. मला तसे वाटत नाही. दक्षिण पुण्याला येतेच आहे आणि पुणेकर तिला येताक्षणी आपली म्हणून मोकळा होत आहे, हा क्रम जुना आहे. पुण्याच्या सांस्कृतिक अभिमानाचे पहिले पान म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. तो १९५३ मध्ये सुरू झाला, ज्यांच्या स्मरणार्थ सुरू झाला ते रामभाऊ कुंदगोळकर धारवाडजवळच्या कुंदगोळचे आणि ज्यांनी सुरू केला ते भीमसेन जोशी गदगचे. मंचावर गायकाच्या मागे लागणारे तंबोरे बहुधा मिरजेचे, तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तलवारींचे दिवस संपल्यावर उचललेल्या धंद्यातले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात. भीमा उगम पावते पुणे जिल्ह्यात आणि वाटेत तिला मुळा-मुठा मिळते. म्हणजे पुण्याने नदीत जे काही सोडले त्याच्यावर वाढलेला भोपळा मिरजेला जाऊन, सुरात लागून, पुण्याला परत येतो आणि पुणेकर डोळे मिटून म्हणतो, “काय षड्ज आहे!” खाण्याचेही तसेच. फर्ग्युसन रस्त्यावरचे ‘वैशाली’ हे पुण्याच्या तरुणपणाचे अधिकृत ठिकाण. जगन्नाथ शेट्टींनी ते चालवायला घेतले तेव्हाचे त्याचे नाव ‘मद्रास हेल्थ होम’. नाव बदलले, सांबार राहिले आणि तीन पिढ्यांनी तिथे लग्ने ठरवली वा मोडली. आता त्या इडलीला कोणी दाक्षिणात्य म्हटले तर पुणेकराला तो आपल्यावरचा आरोप वाटेल.

कपड्यांकडे वळले की हा प्रकार आणखी गमतीदार होतो. इरकली साडी ही मराठी आजीची ओळख. मराठी नाटकात आजी दाखवायची तर तिला इरकल नेसवतात. ती विणली जाते त्या इलकल गावचा पत्ता आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्याचा. खणाचे माहेर गुळेदगुड्ड त्याच जिल्ह्यात, बदामीपासून जवळ. बदामीची बनशंकरी ही पुण्यातल्या कितीतरी घरांची कुलदेवता, त्यामुळे ही मंडळी दर दोन-चार वर्षांनी देवीची ओटी भरायला तिकडे जातात, जाताना ओटीचा खण पुण्यातून विकत घेऊन नेतात आणि तो जिथे विणला गेला त्या गावावरून गाडीच्या काचा वर करून परत येतात. खणाने मात्र याचा राग धरलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विजापूर, धारवाड, बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा नकाशावर रेघ ओढली गेली. इरकलीच्या टोप पदराला ती कोणी दाखवली नाही. प्रशासनाने जे तोडले ते कापडाने तसेच जोडून ठेवले, आणि पुण्याच्या प्रदर्शनात इरकलीच्या गाळ्यावर विणकर कानडीत हिशोब करून मराठीत भाव सांगतो तेव्हा सीमाप्रश्नाची आठवण फक्त वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाच होते.

अलीकडे खणाला जे दिवस आले आहेत त्यावर दोन मते आहेत. पूर्वी खण चोळीचा आणि ओटीचा. आता त्याची साडी होते, जाकीट होते, परकर-पोलके तर होतेच. शिवाय लॅपटॉपची पिशवी, चष्म्याचे घर, कानातले, दिव्याची शेड आणि जिच्यात कोणी एक ओळ लिहिणार नाही अशी रोजनिशी. जाणकारांचा आक्षेप असा की ही परंपरेची थट्टा आहे. मला यातल्या निम्म्या गोष्टी आवडतात, कानातली आवडत नाहीत. पण आक्षेप घ्यायचाच तर तो दुसऱ्या जागी घ्यायला हवा. खण मुळात अरुंद पन्ह्याचा. साडी करायची तर पन्हा वाढवायला हवा, त्यासाठी माग बदलायला हवा, आणि मागणी झपाट्याने आली की ती बहुतेक वेळा यंत्रमागाकडे जाते. म्हणजे फॅशन वाढली आणि गुळेदगुड्डच्या हातमागावरचा माणूस होता तिथेच राहिला, असे होऊ शकते. थट्टा झालीच तर ती त्याची. उलट तोच माणूस, किंवा त्याच्याकडून माल घेणारी सहकारी संस्था, पुण्यात गाळा लावून बसली असेल आणि तुम्ही तिच्याकडून लॅपटॉपची पिशवी घेतली, तर परंपरेला काही इजा होत नाही. खणाला आत काय ठेवले आहे याने फरक पडत नाही. पैसे कोणाकडे गेले याने पडतो.

हा फरक जगाला २०२५ साली कोल्हापुरी चपलेने समजावून दिला. त्या वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पायात अंगठ्याची, सपाट, कातडी सँडल घातली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. चप्पल प्रवासाला गेली होती, चांभार घरीच राहिला होता. त्याआधी २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकाने मिळून घेतले होते: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगावच्या मालकीसाठी ज्या दोन राज्यांचा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा चालू आहे, त्यांनी चपलेवर मात्र एकत्र सही केली. पायात दोन चपला लागतात हे दोघांनाही पटले असावे. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला, कंपनीने प्रेरणा कोल्हापूरची असल्याचे मान्य केले, तिची माणसे जुलैमध्ये कोल्हापुरात येऊन चपला कशा बनतात ते पाहून गेली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: इथेच बनवलेले २००० जोड, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. जी चप्पल प्रदर्शनात हजाराला सांगितल्यावर “सातशेला देता का?” असे विचारले जाते, तिला इटलीत तेवढ्या पैशांत नुसता डबाही येणार नाही.

या प्रकरणात मराठी माणसाने प्राडाला जे सुनावले ते योग्यच होते, फक्त सुनावणाऱ्याच्या पायात त्या वेळी काय होते हे कोणी पाहिले नाही. कारण कोल्हापुरी ही समजून घेतल्याशिवाय पायात टिकत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे कातडे पहिले काही दिवस चावते. मग तेल लावावे लागते, पावसात ती बाहेर काढायची नसते, आणि चालताना करकर आवाज हवा तर तळव्याच्या थरांत ‘विंचू’ घालून घ्यावा लागतो. हे सगळे दुकानाच्या काचेवर लिहिलेले नसते. बनवणारा समोर असेल तर तो सांगतो, पायाचे माप डोळ्यांनीच घेतो, आणि “ही घेऊ नका, तुमच्या पायाला कापशी घाटाची बसेल” असे म्हणून महागाऐवजी स्वस्त जोड हातात देतो. असा सल्ला मॉलमध्ये मिळत नाही. माणूस वस्तूबरोबर आला की वस्तूचे ज्ञानही बरोबर येते. एकटी वस्तू आली तर तिच्याबरोबर फक्त किमतीची चिठ्ठी येते. मिलानला चिठ्ठी गेली होती.

आता पहिला आक्षेप, जो प्रत्येक गाळ्यापुढे ऐकू येतो: “कोल्हापुरात हेच निम्म्याला मिळतं.” असेल. पण कोल्हापूर पुण्याहून सुमारे २३० किलोमीटर आहे आणि तिथे जायला आपण निघालेलो नाही, गाळ्यावरची बाई इकडे यायला निघाली आहे. टेम्पोचे भाडे, गाळ्याचे भाडे, पुण्यातला मुक्काम, तेवढ्या दिवसांचा घरचा बुडालेला धंदा, चाखण्यात संपलेली चटणी आणि न खपलेला माल परत नेण्याचा खर्च, हे सगळे त्या चपलेच्या किंवा डब्याच्या किमतीत बसवायचे असते. पुणेकर पिझ्झा घरपोच मागवतो तेव्हा पोचवण्याचे पैसे निमूट देतो. अख्खे गाव घरपोच आले तर ते फुकट यावे असे त्याला का वाटते, हा अभ्यासाचा विषय आहे. घासाघीस ही आपली संस्कृती आहे असेही सांगितले जाते. ती असेल, तर तिचा प्रयोग सदनिका घेताना बांधकाम व्यावसायिकावर करून पाहायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: या प्रदर्शनांत सगळेच कारागीर नसतात. काहीजण मालाचे नुसते व्यापारी असतात. ग्रामीण दिसावे म्हणून गाळ्याला गोणपाट लावलेले असते, एवढाच त्यांचा गावाशी संबंध. सोलापुरी चादरीचेच पाहा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात ती नावारूपाला आणली; तिला भौगोलिक मानांकन मिळाले; आणि आज ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चादरी पानिपतच्या गिरण्यांतून येतात. १७६१ नंतर त्या गावाने मराठी माणसाचा असा पाडाव पुन्हा केला आणि या वेळी आपण पैसे देऊन करून घेतला. मग उपाय काय? उपाय पुणेकराच्या स्वभावातच आहे. चौकसपणा हा त्याचा जन्मजात गुण, पण तो एरवी वाया जातो: लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराला जास्त विचारले तर तो उत्तर द्यायचे सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जत्रेत मात्र विचारा. माग कोणता, सूत कुठले, रंग पक्का का कच्चा, किती दिवस लागतात, तुमच्या घरात कोण विणते. बनवणाऱ्याला असे प्रश्न आवडतात, त्याचे उत्तर लांबते आणि त्यात सासूची तक्रारही येते. व्यापाऱ्याचे उत्तर “सगळं हँडमेड आहे मॅडम” या एका वाक्यात संपते. पुणेरी प्रश्नांचा इतका सदुपयोग दुसरीकडे कुठेच होत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांपुढे मी हात टेकतो. कडक भाकरी, चटणी, भडंग, गूळ, कंदी पेढे ही मुळातच टिकणारी, वाटेत बरोबर ठेवायची खाणी आहेत. ती पुण्यात तशीच लागतात. रस्सा तसा लागत नाही. तांबडा-पांढरा रस्सा पुण्याच्या जत्रेत येतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या भीतीने तांबडा थोडा गुलाबी झालेला असतो. नृसिंहवाडीची बासुंदी कृष्णेच्या काठावरच खावी. जत्रेला या बाबतीत गुण द्यायचे तर काठावर पास, एवढेच.

आणि एक आक्षेप असा आहे की ज्याचे उत्तर दक्षिणेला नाही, पुण्यालाच द्यावे लागेल. जत्रेत तांब्याचा मठारकाम केलेला तांब्या पाहून “अय्या, किती ऑथेंटिक!” म्हणणाऱ्या घरापासून कसब्यातली तांबट आळी दोन-तीन किलोमीटरवर असते. तिथे आजही ठोक्यांचा आवाज येतो आणि पेशवाईपासूनचा हा धंदा मोजकीच घरे चालवत आहेत. पण कसब्यात गाडी लावायला जागा नाही, गाळ्याला गोणपाट नाही आणि प्रवेशद्वारावर ढोलताशे नाहीत, त्यामुळे ते ठिकाण पुणेकराला फार लांब वाटते. पुण्याच्या स्वतःच्या हस्तकलेपैकी मानांकन मिळालेली पगडी तर २००९ पासून फक्त पाहुण्यांच्या डोक्यावर जाते, आणि पाहुणे ती आपल्या गावी घेऊन जातात. पुणेरी वस्तूंनाही बाहेरच्या गावी जाऊन भाव येतो की काय, हे कोणी कोल्हापुरात गाळा लावून पाहायला हवे. “जरा कमी होईल का?” हे वाक्य तिथल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकणे शैक्षणिक ठरेल.

तोवर वाचकांना विनंती एवढीच: डिसेंबरात मैदानावर जाल तेव्हा प्रश्न विचारा, भरपूर विचारा, चाखून पाहा, आणि मग सांगितलेली किंमत द्या. ती जास्त वाटली तर स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी मिळते. तिकीट स्वतः काढायचे.